क्रिस्टियान हाइनरिख ग्रोश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओस्लोला फिरायला, शिकायला किंवा नोकरीला गेलेली मराठी माणसं कार्ल योहान रस्त्यावरून जातातच. तिथल्या विद्यापीठाच्या पायऱ्यांवर फोटोही काढतात. ती इमारत कुणी बांधली हे मात्र सहसा कुणाला ठाऊक नसतं. ज्यांनी बांधली त्या वास्तुकाराबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. मला या माणसाचं काम मनापासून आवडतं, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

ग्रोश नेमके कोण होते?

क्रिस्टियान हाइनरिख ग्रोश (१८०१–१८६५) हे एकोणिसाव्या शतकातले नॉर्वेचे वास्तुकार. नॉर्वेची राजधानी तेव्हा क्रिस्तियानिया म्हणून ओळखली जाई. ओस्लो हे जुनं नाव तिला १९२५ मध्ये परत मिळालं. या राजधानीतला शेअर बाजार, राष्ट्रीय बँकेच्या शाखेची इमारत, वेधशाळा, विद्यापीठ आणि कॅथेड्रलच्या मागचा बाजार ही सगळी ग्रोश यांची कामं. शिवाय गावोगावच्या कित्येक डझन चर्चचे आराखडे त्यांच्या टेबलावरून गेले. शहराच्या नोकरीत असल्यामुळे रस्त्यांची रेघ आणि घरांच्या हद्दी यांच्याशीही त्यांचा संबंध रोजचा होता.

त्यांचा जन्म कोपनहेगनचा, मग ते नॉर्वेचे कसे?

जन्म कोपनहेगनचाच, २१ जानेवारी १८०१ चा. पण त्या वेळी डेन्मार्क आणि नॉर्वे एकाच राजाच्या अमलाखाली होते आणि कोपनहेगन ही दोन्हींची राजधानी होती. वडील हाइनरिख आउगुस्ट ग्रोश हे चित्रकार आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरीव काम करणारे कलावंत. मुलगा लहान असतानाच कुटुंब नॉर्वेत आलं, आधी स्वीडनच्या सीमेजवळच्या फ्रेडरिक्सहाल्ड या गावी (आताचं हाल्डेन) आणि पुढे राजधानीत. १८१४ मध्ये दोन्ही देशांची फारकत झाली तेव्हा हा मुलगा तेरा वर्षांचा होता. तो वाढला नॉर्वेत आणि आयुष्यभर राबला तोही नॉर्वेसाठी. माझ्या लेखी प्रश्न तिथेच मिटतो.

ते शिकले कुठे?

चित्रकलेचे धडे घरातच मिळाले. नॉर्वेत वास्तुकला शिकवणारं महाविद्यालय तेव्हा नव्हतं. असं उच्च शिक्षण देशात सुरू व्हायला १९१० साल उजाडावं लागलं, तेही त्रोन्हाइमला. राजधानीत १८१८ मध्ये एक शासकीय चित्रशाळा निघाली होती. ग्रोश यांचे वडील तिथे शिकवत आणि पुढे मुलगाही तिथे शिक्षक झाला. पण खरं वास्तुशिक्षण घ्यायला ग्रोश कोपनहेगनच्या कला अकादमीत गेले. तिथे वास्तुकार क्रिस्टियान फ्रेडरिक हान्सेन यांचा दबदबा होता. १७९५ ची आग आणि १८०७ चा तोफमारा यांनंतर कोपनहेगन ज्या शिस्तीनं पुन्हा उभं राहिलं, त्यामागे हान्सेन यांचा हात होता. सपाट भिंती, मोजके खांब, अंगावर फारसं नक्षीकाम नाही, सगळा भर प्रमाणावर, अशी ही शाळा. ग्रोश यांनी हे सगळं आत्मसात केलं आणि १८२४ मध्ये ते परतले.

१८१४ नंतर नॉर्वेला एवढ्या इमारती एकदम कशाला लागल्या?

हे समजलं की ग्रोश समजतात, म्हणून इथे जरा थांबतो.

१७ मे १८१४ ला आइद्सवोल या गावी नॉर्वेची राज्यघटना मंजूर झाली. त्याच वर्षी स्वीडनशी एक राजा, पण दोन स्वतंत्र राज्यं अशी जोडणी झाली. चारशे वर्षं जो कारभार कोपनहेगनहून चालला होता, तो आता घरचा झाला. संसद आली, बँक आली, खाती आली. विद्यापीठ तर १८११ मध्येच स्थापन झालं होतं. संस्था कागदावर होत्या, पण त्यांना बसायला जागा नव्हती. विद्यापीठाचे वर्ग भाड्याच्या घरांत भरत आणि संसद एका शाळेच्या इमारतीत बसे. राजधानी म्हणावी तर १८०१ मध्ये तिची लोकसंख्या सुमारे ९ हजार.

आणि पैसा नव्हता. नेपोलियनच्या काळातल्या युद्धानं नाणं पार घसरलेलं होतं. १८१६ मध्ये राष्ट्रीय बँक काढली, तिचं भांडवल उभारायला लोकांवर चांदीची सक्ती करावी लागली. घराघरांतून चांदी गेली, चमचेसुद्धा गेले. चलन पूर्ण सावरायला १८४२ पर्यंतचा काळ गेला. राजवाड्याची कोनशिला १८२५ मध्ये मोठ्या थाटात बसली, पण दोनच वर्षांत काम थांबलं, कारण संसदेनं पैसे देणं बंद केलं.

अशा देशात संस्थांना शोभतील, जनतेला आपल्या वाटतील आणि तिजोरीला झेपतील अशा इमारती उभ्या करायच्या होत्या. ग्रोश यांचं मोठेपण मला इथेच दिसतं. देशाच्या खिशात किती आहेत हे त्यांनी आधी विचारलं आणि त्यात बसणारं देखणेपण शोधून काढलं.

ओस्लोचा राजवाडा त्यांनीच बांधला ना?

नाही. ही गल्लत फार होते. राजवाडा हान्स डिटलेव्ह फ्रान्सिस्कुस फोन लिन्स्टोव यांचा. हे गृहस्थ मुळात कायदा शिकलेले आणि वास्तुकलेकडे नंतर वळलेले. ग्रोश परत आल्यावर लिन्स्टोव यांच्या हाताखाली सहायक म्हणून रुजू झाले होते. बांधकाम मध्येच बंद पडलं, १८३३ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि राजवाडा १८४९ मध्ये वापरात आला. तोवर ग्रोश स्वतःच्या कामांत गुंतलेले होते. राजवाड्यापासून शहरापर्यंत जाणारा कार्ल योहान रस्ता लिन्स्टोव यांच्या कल्पनेतला. त्या रस्त्याला वजन आणणारं विद्यापीठ मात्र ग्रोश यांचं.

त्यांचं पहिलं मोठं काम कोणतं?

शेअर बाजार. काम सुरू झालं १८२६ मध्ये, तेव्हा ग्रोश पंचविशीत होते, आणि १८२८ मध्ये इमारत उभी राहिली. क्रिस्तियानियाचा शेअर बाजार १८१९ पासून भरत होता. लाकूड, जहाजं, हुंड्या यांचे व्यवहार करणाऱ्यांना स्वतःची जागा हवी होती. जागा निवडली ती ग्रोनिंगेनची, म्हणजे शहरातल्या पहिल्या सार्वजनिक बागेची. त्यामुळे इमारत चारही बाजूंनी मोकळी दिसे. समोर खांबांची ओळ, वर त्रिकोणी माथा, बाकी भिंती साध्या. छोटी इमारत आहे, पण त्या काळच्या बुटक्या घरांच्या गर्दीत ती किती वेगळी वाटली असेल याची कल्पना करता येते. १९१० च्या सुमारास मागच्या बाजूला तिचा विस्तार झाला. दर्शनी भाग ग्रोश यांचाच राहिला.

त्याच काळात जगभर ग्रीक खांबांची ओढ लागली होती. मुंबईचा टाऊन हॉल, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीची इमारत, १८३३ मध्ये पूर्ण झाली आणि तिचे डोरिक (साध्या, जाड ग्रीक घाटाचे) खांबही याच लाटेतले. फरक एवढाच की मुंबईत ते खांब परक्या सत्तेचे होते, तर क्रिस्तियानियात नुकत्याच मोकळ्या झालेल्या समाजाचे.

बँकेच्या इमारतीचं विशेष काय?

राष्ट्रीय बँकेचं मुख्यालय १८९७ पर्यंत त्रोन्हाइमला होतं. ग्रोश यांनी बांधली ती राजधानीतल्या शाखेची इमारत. ती १८३० मध्ये तयार झाली. आटोपशीर, जाड भिंतींची, दाराशी जाडजूड डोरिक खांब असलेली. लोकांनी घरातली चांदी देऊन उभी केलेली बँक भक्कम दिसणं गरजेचं होतं आणि ती तशी दिसते. भडक नाही, भित्रीही नाही.

ही इमारत पुढे अनेक हातांतून गेली. २००८ मध्ये तिथे वास्तुकलेचं संग्रहालय सुरू झालं. जुन्या इमारतीचं नूतनीकरण आणि शेजारचा काचेचा नवा दालनभाग हे विसाव्या शतकातले थोर नॉर्वेजियन वास्तुकार स्वेरे फेन यांचं काम. फेन यांनी ग्रोशना दाबून टाकलं नाही, नवा भाग त्यांनी थोडा बाजूला, खाली मान घालून उभा केला. दोन शतकांतले दोन गुणी लोक एकाच अंगणात भेटतात, म्हणून ही जागा मला फार मोलाची वाटते.

ते शहराचे अधिकारी होते म्हणतात. काम काय असे?

१८२८ पासून ग्रोश यांच्याकडे शहराच्या मोजणी आणि बांधकाम-देखरेखीचं पद होतं. कुणाच्या घराची हद्द कुठे, रस्ता कुठून जाणार, नवी भिंत रेघेत आहे की पुढे आली आहे, हे सगळं या पदाकडे येई. क्रिस्तियानियात याला जुनं कारण होतं. १६२४ च्या आगीत आधीचं ओस्लो जळालं, तेव्हा राजा चौथा क्रिस्टियान यानं शहर किल्ल्याजवळ हलवलं, सरळ रस्ते आखले आणि नव्या शहरात घरं दगडविटांचीच बांधायची असा दंडक घातला. विटांचं घर न परवडणारी माणसं हद्दीबाहेर लाकडी घरं बांधत. त्या वस्त्या वाढत गेल्या आणि अधूनमधून पेटतही गेल्या. एप्रिल १८५८ मध्ये तर शहराचा मोठा भाग आगीत गेला. ग्रोश यांच्या हयातीत शहराची वस्ती ९ हजारांवरून ५० हजारांच्या पुढे गेली. या वाढीला दिशा देण्याचं रोजचं कष्टाचं काम त्यांच्या टेबलावर होतं. मोठ्या इमारतींवर पाटी लागते. रेघेत बांधलेल्या शेकडो घरांवर कुणाचंच नाव नसतं.

म्हणजे ते आर्किटेक्ट होते की बिल्डर?

दोन्ही. आजच्यासारखी कामांची वाटणी तेव्हा नव्हती. आराखडा, खर्चाचा अंदाज, सामानाची निवड, गवंडी-सुतारांवर देखरेख आणि शेवटी हिशेब, हे सगळं एकाच माणसाकडे येऊ शकत होतं. ज्याला खर्चाचा हिशेब देता येत नाही त्याला क्रिस्तियानियात दुसरं काम मिळणं कठीण होतं. ग्रोश यांना चार दशकं कामं मिळत राहिली.

वेधशाळेची गोष्ट काय आहे?

क्रिस्तोफर हान्स्टेन हे विद्यापीठातले प्राध्यापक, पृथ्वीच्या चुंबकत्वाचे अभ्यासक. १८२८ ते १८३० या काळात ते चुंबकीय मोजमापं घेत थेट सायबेरियात फिरून आले. राजवाड्याला पैसे नाकारणाऱ्या संसदेनं या मोहिमेला मात्र पैसे दिले. त्या तरुण देशाचा कल कुठे होता ते यावरून कळतं.

हान्स्टेन यांना वेधशाळा हवी होती आणि १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती ग्रोश यांनी बांधून दिली. विद्यापीठासाठी म्हणून बांधलेली ही पहिलीच इमारत. शहराच्या पश्चिमेला, तेव्हा मोकळ्या असलेल्या जागेत. मधोमध वेध घेण्याचा घुमट, दोन्ही अंगांना कामाच्या खोल्या आणि हान्स्टेन कुटुंबाचं घर. इथे ग्रोश यांना खांबांची हौस आवरती घ्यावी लागली. इमारतीला दिशा अचूक धरायची होती आणि उपकरणाखालचा पाया हलता कामा नये, अशी ती गरज होती. या वेधशाळेतून जाणारी रेखावृत्ताची रेघ पुढे नॉर्वेच्या नकाशांसाठी शून्य मानली गेली. देशाचं मोजमाप ग्रोश यांच्या इमारतीपासून सुरू होत असे, हे मला विलक्षण वाटतं. इमारत आजही सोली चौकाजवळ उभी आहे.

विद्यापीठाच्या बांधकामात जर्मन वास्तुकार शिंकेल यांचा किती वाटा?

काही जण पूर्ण श्रेय शिंकेलना देऊन मोकळे होतात, काही जण त्यांचं नावच घेत नाहीत. दोन्ही चूक.

आराखडा ग्रोश यांचा. तीन इमारती, मध्ये मोकळा चौक, चौथी बाजू रस्त्याकडे उघडी. मधली इमारत मुख्य, तिच्या एका बाजूला वर्गांची आणि दुसऱ्या बाजूला ग्रंथालयाची. १८३० च्या दशकाच्या शेवटी हे नकाशे बर्लिनला कार्ल फ्रीड्रिख शिंकेल यांना दाखवण्यात आले. त्या वेळी उत्तर युरोपात शिंकेल यांच्या शब्दाला फार मान होता. त्यांनी बदल सुचवले आणि ग्रोश यांनी ते घेतले. मधल्या इमारतीचा आयोनिक (माथ्यावर वेटोळी असलेल्या) खांबांचा भाग पाहताना बर्लिनची आठवण होते ती यामुळेच. पायाभरणी १८४१ मध्ये झाली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात शिंकेल वारले. पुढची दहा-बारा वर्षं बांधकाम रेटलं, पैशांच्या मर्यादेत बसवलं आणि पूर्ण केलं ते ग्रोश यांनी.

चाळिशीच्या उंबरठ्यावरचा, नावाजलेला माणूस आपले नकाशे दुसऱ्यापुढे ठेवतो आणि सुचवलेलं मान्य करतो. मला यात कमीपणा दिसत नाही, उलट कामावरची निष्ठा दिसते. शिवाय त्या चौकात उभं राहिलं की जी मोकळीक जाणवते ती तीन इमारतींमधल्या अंतरामुळे आणि रस्त्याकडची बाजू उघडी ठेवल्यामुळे. ती मांडणी ग्रोश यांची.

आणखी एक गोष्ट. संसदेला स्वतःची इमारत १८६६ मध्ये मिळाली. त्याआधी १८५४ पासून संसदेच्या बैठका याच विद्यापीठाच्या जुन्या सभागृहात भरत. म्हणजे बारा वर्षं नॉर्वेचे कायदे ग्रोश यांच्या छपराखाली झाले.

नोबेल शांतता पुरस्कार इथेच देत ना? भारताशी काही संबंध?

१९४७ ते १९८९ या काळात हा समारंभ विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात होत असे. १९७९ मध्ये मदर तेरेसा यांनी पुरस्कार स्वीकारला तो याच सभागृहात. पण एक दुरुस्ती आवश्यक आहे. हे सभागृह ग्रोश यांचं नाही. विद्यापीठाच्या शतकमहोत्सवासाठी, १९११ मध्ये, ते मधल्या इमारतीला मागून जोडलं गेलं. नॉर्वेचे चित्रकार एडवर्ड मुंक यांची उगवत्या सूर्याची प्रचंड भित्तिचित्रं तिथेच आहेत. सभागृहाकडे जायची वाट मात्र ग्रोश यांच्याच दारातून. ग्रोश यांचा स्वतःचा भारताशी काही संबंध नव्हता.

खांब सोडून ते उघड्या विटांकडे का वळले?

हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात वेधक भाग.

तरुणपणी ग्रोश जे शिकले त्यात वीट झाकायची असे. वर गिलावा, गिलाव्याला दगडाचा रंग, रेघा मारून दगडाचा आभास. कोपनहेगनच्या हवेतसुद्धा हा गिलावा जपावा लागतो. क्रिस्तियानियाचा हिवाळा तर फार कडक. भिंतीत पाणी मुरतं, गोठतं, फुगतं आणि गिलावा पोपडे धरून पडतो. दर काही वर्षांनी डागडुजी, म्हणजे पुन्हा खर्च. चांगली भाजलेली वीट उघडी ठेवली तर ती स्वतःच हवेला तोंड देते.

दुसरं कारण विचारांचं. शिंकेल यांनी बर्लिनमध्ये वास्तुशाळेची इमारत उघड्या विटांत बांधून दाखवली होती. हाम्बुर्गचे वास्तुकार आलेक्सिस दे शाटोनफ यांनी १८५० च्या आसपास क्रिस्तियानियाच्या कॅथेड्रलचं नूतनीकरण केलं आणि विटांचं प्रेम सोबत आणलं. जी वस्तू जशी आहे तशी दिसू द्यावी, हा आग्रह तेव्हा तरुण वास्तुकारांत रुजत होता. ग्रोश आता तरुण नव्हते, तरी त्यांनी तो स्वीकारला.

कॅथेड्रलच्या मागचा बाजार याचा उत्तम नमुना. १८४० मध्ये काम सुरू झालं आणि टप्प्याटप्प्यानं १८५९ पर्यंत चाललं. चर्चच्या आवाराला वेढा घालणारी दुकानांची लांब वाकडी रांग, लाल विटा, गोल कमानी, कमानींखाली सावलीची वाट. मूळ भाडेकरू खाटीक. त्यातच १८५० च्या दशकात अग्निशमन ठाणंही बांधलं गेलं, त्याच विटांत, त्याच कमानींत. मांस विकायची जागा आणि आगीचा बंब ठेवायची जागा यांनाही बँकेइतक्याच काळजीनं वागवलं आहे. कमानींची लय बघा, कोपऱ्यावर वीट कशी वळवली आहे ते बघा. एरवी अशा कामांवर कुणी डोकं खर्च करत नाही.

पंचविशीत शिकलेलं पन्नाशीत बदलायला धैर्य लागतं. आजही अनेक पुस्तकं ग्रोश यांना खांबांच्या इमारतींवरून ओळखतात. माझं मत वेगळं आहे. त्यांचा स्वतःचा सूर त्यांना या विटांमध्ये सापडला.

एका माणसानं एवढी चर्च कशी बांधली?

त्यांनी ती जागेवर उभं राहून बांधली नाहीत. आराखडा राजधानीतून जाई आणि बांधणारे असत गावचे सुतार-मिस्त्री. नॉर्वेतली गावं डोंगर आणि खाड्यांनी तोडलेली. हिवाळ्यात घसरगाडीनं लाकूड ओढायचं आणि उन्हाळ्यात बांधायचं. त्यामुळे आराखडा असा हवा की शेकडो किलोमीटरवरच्या मिस्त्रीला विचारायला न येता समजावा. लिन्स्टोव यांनी खेड्यांतल्या चर्चसाठी नमुना-नकाशांचा संच काढला होता. ग्रोश यांनी हेच काम अधिक मोकळेपणानं केलं. गावाची लोकसंख्या, पैसा आणि जागा बघून ते नकाशा फिरवत.

लाकडाची एक अडचण समजून घ्यायला हवी. नॉर्वेतली जुनी पद्धत म्हणजे आडवे ओंडके एकावर एक रचायचे आणि कोपऱ्यांत खाचा पाडून एकमेकांत अडकवायचे. भिंत उबदार आणि भक्कम होते, पण तिची लांबी ओंडक्याच्या लांबीला बांधलेली. मोठी गर्दी मावेल असं चर्च हवं तर काय करायचं? क्रूसाच्या आकाराचा नकाशा किंवा आठ कोनांचा नकाशा. कोपरे वाढले की आखूड ओंडक्यांतूनही रुंद जागा घेता येते. शिवाय आतून दोन्ही बाजूंना माड्या काढल्या की तेवढ्याच जमिनीवर जास्त माणसं बसतात. ओंडक्यांची भिंत पहिली काही वर्षं स्वतःच्या वजनानं खाली बसत जाते, म्हणून बाहेरची फळ्यांची सजावट घाई न करता नंतर चढवावी लागते. हे सगळं गावच्या मिस्त्रीला आधीपासून ठाऊक होतं. ग्रोश यांनी त्या ज्ञानावर विश्वास ठेवला आणि नकाशात त्याला जागा ठेवली.

विटा-दगडांची चर्चही त्यांनी केली. त्यांच्या बालपणीच्या फ्रेडरिक्सहाल्डला १८२६ मध्ये मोठी आग लागली. त्यानंतर तिथे जे इमॅन्युएल चर्च उभं राहिलं, १८३३ मध्ये, ते ग्रोश यांचंच.

जुनी स्टाव्ह चर्च पाडली गेली त्याला ग्रोश जबाबदार आहेत का?

प्रश्न दुखरा आहे आणि टाळण्यासारखा नाही.

स्टाव्ह चर्च म्हणजे मध्ययुगातली, उभ्या लाकडी खांबांवर तोललेली, डांबर फासलेली चर्च. त्यांच्या छपरांवर सापासारखी लाकडी मुंडकी असतात. मध्ययुगात अशी हजाराहून अधिक असावीत असा अंदाज आहे. नॉर्वेत आज २८ उरली आहेत. प्लेगनंतर ओस पडलेल्या गावांत, पुढच्या शतकांच्या दुर्लक्षात बरीच आधीच गेली होती, पण एकोणिसाव्या शतकातही कित्येक पाडली गेली.

कारण साधं होतं. लोकसंख्या वाढत होती आणि जुनी चर्च अंधारी, थंड, लहान होती. १८५१ च्या कायद्यानं तर ठरवूनच टाकलं की चर्चमध्ये त्या भागातल्या किमान तीन-दशांश लोकांना बसायला जागा हवी. गरीब गावाला जुनं जपून शेजारी नवं बांधणं परवडत नसे. जुनं पाडून त्याचं लाकूड विकलं जाई. नव्या चर्चचा नकाशा अनेकदा ग्रोश यांचा असे.

म्हणून त्यांना दोषी ठरवावं का? नकाशा काढणाऱ्यानं कायदा केला नव्हता आणि गर्दीत उभं राहून प्रार्थना करणाऱ्या गावकऱ्यांची गरज खोटी नव्हती. तरीही मला हळहळ वाटते. त्याच काळात वेगळा विचार करणारी माणसं होती. ड्रेस्डेनला राहणारे नॉर्वेजियन चित्रकार योहान क्रिस्टियान डाल यांनी या चर्चसाठी जिवाचं रान केलं. वांग इथलं स्टाव्ह चर्च पाडलं जाणार होतं, ते त्यांनी १८४१ मध्ये वाचवलं, पण वाचवलं म्हणजे काय, तर ते प्रशियाच्या राजाकडे गेलं. आज ते पोलंडमधल्या कार्पाच गावी उभं आहे. १८४४ मध्ये जुन्या स्मारकांच्या जतनासाठी संस्था निघाली. बोरगुंडचं सुप्रसिद्ध चर्च तिनं १८७७ मध्ये विकत घेतलं म्हणून आज आपण ते पाहू शकतो. एक पिढी नवं राष्ट्र उभं करण्यात गुंतली होती, आणि त्या धडपडीत जे हातचं गेलं त्याची किंमत पुढच्या पिढीला कळली. ग्रोश पहिल्या पिढीचे.

ट्रॉम्सोचं लाकडी कॅथेड्रल त्यांचंच का?

हो. उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे, ट्रॉम्सो शहराच्या मध्यावर, १८६१ मध्ये ते खुलं झालं. नॉर्वेतलं हे एकमेव लाकडी कॅथेड्रल. उंच टोकदार खिडक्या, समोर मनोरा, पिवळसर रंग. गॉथिक शैली मुळात दगडाची, तिला लाकडात आणताना अनेक ठिकाणी बटबटीतपणा येतो. इथे नाही आला. ग्रोश यांनी दगडाची नक्कल केली नाही, फळ्यांच्या उभ्या रेघांमधूनच उंची साधली. ध्रुवीय प्रकाश बघायला ट्रॉम्सोला जाणारे पर्यटक बहुधा पुलापलीकडचं पांढरं त्रिकोणी चर्च पाहून त्यालाच कॅथेड्रल समजतात. ते १९६५ चं आहे आणि वेगळं आहे. खरं कॅथेड्रल शहराच्या बाजूला, झाडांच्या मागे.

त्यांचा मृत्यू कधी झाला?

४ मे १८६५, क्रिस्तियानियात. तोवर जर्मनीत हानोव्हर आणि कार्ल्सरूहे इथे शिकून आलेली नवी पिढी कामाला लागली होती.

ओस्लोत त्यांच्या इमारती पाहायच्या तर कसं जावं?

सगळं पायी होतं. मुख्य रेल्वे स्थानकातून बाहेर पडलं की आधी शेअर बाजार, मग किल्ल्याच्या बाजूला बँक चौकातली जुनी बँक. तिथून वर कॅथेड्रलमागचा बाजार, नंतर कार्ल योहान रस्त्यानं विद्यापीठ आणि राजवाड्याच्या पलीकडे सोली चौकाजवळ वेधशाळा. विद्यापीठाचा बराच कारभार आता शहरातल्याच ब्लिंडर्न या भागात असतो. जुन्या इमारतींमध्ये बरीच वर्षं कायद्याचे विद्यार्थी असत.

एकच इमारत बघायला वेळ असेल तर?

कॅथेड्रलमागचा बाजार बघा. विद्यापीठ अधिक भव्य आहे आणि येताजाता दिसतंच. बाजारासाठी मुद्दाम वळावं लागतं. मनोरा असलेल्या अग्निशमन ठाण्यापासून सुरुवात करून कमानींखालून रांगेच्या टोकापर्यंत चाला आणि मग बाहेरच्या बाजूनं, रस्त्यावरून, तेच अंतर परत या. आतली बाजू चर्चच्या आवाराशी जुळवून घेते, बाहेरची रस्त्याशी. दोन्ही बाजूंना लय वेगळी आहे आणि वीट तीच. कॅमेऱ्यात हे नीट येत नाही, हात लावून बघा.